देवावर सोडायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४९. गेल्या वर्षी माझ्या मिस्टरांना हार्ट अटॅक आला. वेळेवर हॉस्पिटलमध्ये पोहोचलो, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला. आता ते बरे आहेत, कामावर जातात, डॉक्टरही समाधानी आहेत. बिघडले आहे ती मी. रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग येते आणि पहिला विचार हाच, ह्यांचा श्वास चालू आहे ना? अंधारात त्यांच्या छातीवर अलगद हात ठेवून बघते. हालचाल जाणवली की जीव भांड्यात पडतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. काही रात्री चार-चार वेळा बघते.

मी देवाला मानणारी बाई आहे. लहानपणापासून रोज प्रार्थना करते. या काळात नामस्मरणही वाढवलं. पण आता जप करताना मनात येतं, मध्येच थांबले तर ह्यांना काहीतरी होईल. ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘देवावर सोड आणि निर्धास्त राहा.’ सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी रोज सोडते आणि रोज पुन्हा उचलते. माझी श्रद्धाच कच्ची आहे का? की माझ्या हातून काही चुकलं म्हणून देवाने ही शिक्षा दिली? मिस्टरांचा देवावर फारसा विश्वास नाही, त्यामुळे त्यांच्याशी हे बोलता येत नाही.

— एक वाचक

*

सप्रेम नमस्कार.

शिक्षेच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मनात घर करून असेपर्यंत बाकीचं काही आत उतरणार नाही. ही शिक्षा नव्हे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या आतून वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो, एखाद्या दिवशी तो फाटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. वय, आनुवंशिकता, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल अशी त्यामागची कारणं असतात. तुमच्या हातून कधीकाळी काय चुकलं, याची त्यात कुठेही नोंद नसते.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जन माणसाची कथा आहे. त्याची मुलंबाळं, संपत्ती, तब्येत, सगळं जातं. भेटायला आलेले मित्र मात्र त्याला पुन्हा पुन्हा पटवत राहतात, की तुझंच काहीतरी पाप असणार. कथेच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. तुमच्या मनात जो आवाज ‘तुझंच चुकलं’ म्हणतोय, त्याला देवाचा आवाज समजू नका. घाबरलेल्या, दमलेल्या मनाला कुठलं तरी कारण हवं असतं. कारण सापडतच नाही हे सोसण्यापेक्षा स्वतःला दोष देणं त्याला सोपं जातं.

आता श्रद्धा कच्ची असण्याबद्दल. श्रद्धा पक्की असती तर भीती वाटली नसती, असं तुम्ही धरून चालला आहात. हा हिशेबच मला मान्य नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पुस्तकरूपाने आली तेव्हा कितीतरी लोक चकित झाले. आयुष्याची अनेक दशकं त्यांना आतून देवाचं असणं जाणवतच नव्हतं. प्रार्थनेला बसावं तर अंधार आणि रितेपण. तरीही त्या रोज प्रार्थनेला बसल्या, आणि उठून मरणपंथाला लागलेल्या माणसांच्या सेवेला गेल्या. त्यांच्या श्रद्धेला कच्ची कोण म्हणेल? तुमच्या शरीराने त्या दिवशी जबरदस्त धक्का खाल्ला आहे. जोडीदार डोळ्यांसमोर कोसळताना बघितलेलं शरीर अजून पहाऱ्यावर आहे, आणि ते पहारा सोडायला तयार नाही. याचा तुमच्या भक्तीशी संबंध नाही. शांत वाटणं ही भक्तीची परीक्षा असती, तर निम्म्याहून जास्त संत त्यात नापास झाले असते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. ‘मी रोज सोडते आणि रोज पुन्हा उचलते.’ असं का होत असेल?

मला वाटतं, देवावर सोडताना तुम्ही मनातल्या मनात एक अट घालता. ‘ह्यांना तुझ्या हवाली केलंय, म्हणजे आता ह्यांना काही होणार नाही.’ ही अट कुणी मोठ्याने बोलत नाही. पण ती असते, आणि ती पाळली जातेय का हे बघायला रात्री दोन वाजता हात पुढे जातो. विश्वास देवावर आहे असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो एका विशिष्ट निकालावर ठेवलेला असतो. निकाल कुणालाच आधी ठाऊक नसतो, म्हणून त्यावर ठेवलेला विश्वास सारखा तपासावा लागतो. तपासून तपासून माणूस थकतो आणि शेवटी म्हणतो, माझीच श्रद्धा कमी.

देवावर भरवसा ठेवा, तुमचे यजमान शंभरी गाठतील, असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. जे असं सांगतात ते प्रेमापोटीच सांगतात, पण त्यांच्या हातात नसलेली गोष्ट देऊ करतात. वेळेवर उपचार मिळालेली माणसं पुढे कितीतरी वर्षं चांगली जगतात, आणि तुमचे डॉक्टर समाधानी आहेत ते उगाच नव्हे. तो दिलासा जरूर घ्या. तरीही कधी ना कधी तुम्हा दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या मागे राहावं लागणार आहे. लिहिताना माझाही हात जड होतोय, पण ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. अंधारात तुम्ही घाबरता ते हिलाच. ज्या विश्वासात या गोष्टीला जागाच नाही, तो दिवसा कितीही भक्कम वाटला तरी रात्री तीनला टिकत नाही.

म्हणून प्रश्न बदलून बघा. ‘देव ह्यांना सांभाळेल ना?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, ‘जे काही होईल त्यात देव माझ्यापाशी असेल, एवढं मी धरून चालू शकते का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर उद्यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर याच रात्री, याच अंथरुणावर देता येतं. मला विचाराल तर खरा आसरा इथे मिळतो. उद्या काय होणार हे कळल्याने आजवर कुणाला निवारा मिळालेला नाही, कारण ते कुणालाच कळलेलं नाही.

तुकाराम महाराजांचं आयुष्य या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. १६३० च्या सुमाराला पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली. व्यापार बुडाला, लोकांतला मान गेला. हे त्यांनी स्वतः अभंगातून सांगून ठेवलं आहे. त्यांचा विठ्ठलावरचा जो विश्वास आपण डोक्यावर घेतो, तो या सगळ्यातून गेलेला विश्वास आहे. घर वाचलं म्हणून तो बसलेला नाही. घर वाचलं नव्हतं. आणि तो एका रात्रीतही आलेला नाही. त्यांच्या अभंगांत तळमळ आहे, स्वतःविषयीचा संशय आहे, मनाशी अहोरात्र चाललेली झुंज आहे, देवाला धरून केलेलं कडाक्याचं भांडण आहे. विसावा आहे, पण तो या सगळ्यांच्या शेजारी आहे.

भांडणावरून आठवलं. तुमच्या पत्रात भीती आहे, अपराधीपणा आहे, पण देवावरचा राग कुठेच नाही, आणि याचं मला थोडं नवल वाटलं. जनाबाईने विठ्ठलाला काय काय सुनावलंय ते तुम्हाला ठाऊक असेलच. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. शेकडो वर्षं माणसांनी ही प्रार्थना म्हणून म्हटली आहेत. तुमच्या आत ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असं काही साचलेलं असेल, तर तेही देवापुढे बोला. नीटनेटक्या शब्दांत बोलायची गरज नाही. ज्याच्यापाशी नुसतं गोड बोलावं लागतं, त्याच्यापाशी विसावा कसा मिळणार?

आता तुमचा मूळ प्रश्न, करायचं काय?

‘सगळं सोडून मला एकट्याला शरण ये, शोक करू नकोस’ हा गीतेतला श्लोक आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो. तो कुठे येतो हे बघण्यासारखं आहे. अठराव्या अध्यायात ६६ वा, म्हणजे ७०० श्लोकांच्या अगदी शेवटाकडे. त्याआधी अर्जुनाने भरपूर शंका काढल्या आहेत, आणि कृष्णाने एकदाही ‘शंका कसल्या काढतोस’ म्हणून त्याला दामटलेलं नाही. शरण ये म्हणण्याच्या तीनच श्लोक आधी, ६३ व्यात, तो म्हणतो की मी सांगितलेल्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ७३ व्यात अर्जुन म्हणतो, माझा मोह गेला, संशय गेला, तू सांगशील तसं करीन. आणि पुढे पुन्हा त्याच्या हातात धनुष्य दिसतं. हेच धनुष्य पहिल्या अध्यायात हातातून गळत होतं. अंगाला कंप सुटला होता, तोंडाला कोरड पडली होती, उभं राहवत नव्हतं. रात्री दोनची तुमची अवस्था याहून फार वेगळी नसावी. शरण गेल्यावर अर्जुन स्वस्थ बसला नाही. तो कामाला लागला. फक्त शेवट काय होणार याचं ओझं एकट्याच्या खांद्यावर घेऊन लागला नाही.

केनेथ पार्गमेंट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माणसं संकटात देवाशी कशी वागतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन तऱ्हा मांडल्या. काही माणसं सगळं स्वतःवर घेतात, काही सगळं देवावर टाकून मोकळी होतात आणि काही देवाला सोबत घेऊन आपला वाटा उचलतात. स्वतःच्या बळावरचा भरवसा तिसऱ्या तऱ्हेच्या माणसांत जास्त दिसला, सगळं टाकून देणाऱ्यांत कमी. गीतेतला क्रम लक्षात घेतला तर यात नवल नाही.

तेव्हा तुमचा वाटा कोणता ते आधी ठरवा. औषधं वेळेवर घेतली जातात ना, हे दिवसातून एकदा बघा. स्टेंट बसवल्यावर दिलेल्या, गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. तपासणीच्या तारखा पाळा. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणं आली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची. तो नंबर फोनमध्ये वर ठेवा. आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा प्रथमोपचार, शिकून घ्या. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा असतो. प्रत्यक्ष शिकवणीत पुतळ्यावर हात बसतो तेव्हा तो दाब केवढा ते कळतं. तुमच्यासारख्या बाईने हे शिकावंच, असं मला मनापासून वाटतं, कारण अंधारात नुसत्या धास्तीने पुढे जाणाऱ्या हाताला मग काहीतरी येत असेल.

एवढं केलंत की तुमचा वाटा झाला. ह्यांचं हृदय रात्रभर चालवणं त्यात येत नाही. ते तुम्ही आजवर एकाही रात्री चालवलेलं नाही. लग्न झाल्यापासून तुम्ही निवांत झोपत होतात आणि ते चालत होतं. अटॅक आला त्याच्या आदल्या रात्रीही, आणि घरी परत आल्यानंतरच्या पहिल्या रात्रीही. ज्याने ते तेव्हा चालवलं तोच आताही चालवतो आहे. तुमच्या जागण्याने त्याला मदत होत नाही आणि तुमच्या झोपण्याने अडचण होत नाही.

रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत पुढे दोन पंथ झाले. एक म्हणतो, भक्ताने माकडाच्या पिल्लासारखं आईला घट्ट धरावं. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिल्लासारखं असावं. त्याला काहीच धरावं लागत नाही, आईच तोंडात धरून नेते. विद्वानांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. मला दोन्ही खरं वाटतं, वेळ तेवढी वेगळी. दिवसभर माकडाच्या पिल्लासारखं धरून राहा. पण तुम्ही वर्षभर चोवीस तास धरून आहात, हात भरून आले आहेत. रात्रीपुरतं तरी मांजरीचं पिल्लू व्हायची मुभा स्वतःला द्या.

हे रात्री प्रत्यक्ष कसं करायचं, ते आता सविस्तर लिहिते.

छातीवर हात ठेवून बघितलं की तुम्हाला सुटल्यासारखं वाटतं. ती सुटकाच पुढच्या वेळी तुम्हाला उठवते. कारण मन त्यातून शिकतं ते असं, की ‘मी बघितलं म्हणून सगळं ठीक राहिलं.’ तुम्ही बघितलं नसतं तरी ते ठीकच असते, हे कळायची संधीच मनाला मिळत नाही. ती संधी द्यायची आहे, पण एकदम सगळी नको. चार वेळांतली एकच वेळ निवडा, शक्यतो पहिली.

जाग येईल. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच हलकी असते, त्यामुळे जाग येण्यात काही अशुभ नाही. हात आपोआप निघेल. तो वाटेत थांबवा आणि स्वतःच्या छातीवर ठेवा. तिथे धडधड जाणवेल, असू दे. मग आपल्या नेहमीच्या भाषेत देवाला एकच वाक्य सांगा. उदाहरणार्थ, ‘देवा, ह्यांची ही रात्र तुझी, माझीही तुझी.’ एकदाच. पुन्हा पुन्हा घोळवू नका, नाहीतर त्याचीही तपासणी सुरू होते, की मी नीट म्हटलं ना, मनापासून म्हटलं ना. मनापासून आलं नाही तरी चालेल. सही करताना हात थरथरला तरी सही खरीच असते.

मग तुमचं जे नाम असेल ते श्वास सोडताना, लांबवत घ्या. घाई नको. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचिआनो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांकडून त्यांनी ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमध्ये श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. या संथ लयीत हृदयाची आणि रक्तदाबाची आपसातली जुळणी सुधारलेली दिसली. दोन वेगळ्या धर्मांतल्या, शब्दाशी शब्द न जुळणाऱ्या प्रार्थना शरीराला एकाच लयीवर आणतात, हे वाचून मला फार आनंद झाला होता. आपल्या आधीच्या माणसांनी हे यंत्राशिवाय, नुसतं बसून शोधलं होतं. तुम्हाला अभ्यास करायचा नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की श्वास एका दमात साधारण दहा सेकंदांचा होऊ द्यायचा: आत येताना थोडा, बाहेर जाताना निवांत. चक्कर किंवा गुदमरल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, आपल्या लयीने घ्या.

पहिल्या काही रात्री भीती आधी वाढेल. ‘आज बघितलं नाहीस आणि आजच काही झालं तर?’ असा विचार येईलच, त्याच्याशी वाद घालू नका. तो येऊ दे, तुम्ही नामापाशी राहा. भीती चढते, काही वेळ तिथेच राहते आणि मग आपोआप उतरायला लागते. ती उतरताना एकदा अनुभवलीत की पुढची रात्र सोपी जाते. आणि नाहीच राहवलं, बघितलंत, तर बघितलंत. देवाला सांगा, आज नाही जमलं, आणि कूस बदला. रोज उचलणं आणि रोज पुन्हा ठेवणं, यालाच तर साधना म्हणतात. तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंत, ते बहुतेक भक्तांचं रोजचं वेळापत्रक आहे.

जपाबद्दल मात्र थोडं कडक सांगते. ‘मध्येच थांबले तर काहीतरी होईल’ हा विचार ज्या क्षणी शिरला, त्या क्षणी जपाचा विसावा गेला आणि पहारा आला. म्हणून काही दिवस मुद्दाम मध्येच थांबा. दिवसा, उजेडात. नाम घेता घेता उठा, पाणी प्या, फोनवर बोला, राहिलेला जप राहू द्या. मोजू नका, पूर्ण करू नका. सुरुवातीला छातीत धस्स होईल. पण ज्या देवाला तुम्ही लहानपणापासून ओळखता, तो आकडा कमी भरला म्हणून एखाद्याचा श्वास काढून घेणारा आहे का? तुम्ही त्याला असा कधीच ओळखलेला नाही. ही भीतीने त्याला घातलेली झूल आहे.

या सगळ्याबरोबर एकदा डॉक्टरांनाही भेटा. महिनोन्‌महिने तुटलेली झोप, पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटणं, अमुक केलं नाही तर अनर्थ होईल असं वाटणं, यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक तुम्हाला बहुतेक मी वर सांगितल्यासारखाच, पण अधिक नेमका आणि तुमच्या गतीचा सराव देतील, गरज पडली तर औषधही. आणि कधी जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घरात सांगा आणि मदत घ्या. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कुणी म्हणेल. यजमानांना स्टेंट बसवताना तुम्ही देवाचा हात सोडला होतात का? उलट त्या दिवशी तो कधी नव्हे इतका घट्ट धरला असेल.

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांचा देवावर विश्वास नाही, म्हणून त्यांच्याशी बोलता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. देवाविषयी नकाच बोलू. ‘मी रात्री उठून तुमचा श्वास बघते’, एवढंच सांगा. यात विश्वास-अविश्वासाचा प्रश्न येतोच कुठे? अटॅकमधून उठलेल्या माणसांनाही भीती आणि उदासी गाठते, हे डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. पुरुष ते सहसा बोलत नाहीत. तुमचा हात छातीवर येतो तेव्हा तेही कधीतरी जागे असतील, आणि तुम्हाला काळजी नको म्हणून डोळे मिटून पडत असतील. एका बिछान्यावर दोन माणसं एकाच भीतीने जागी, आणि दोघंही गप्प, असं होऊ देऊ नका.

रात्री नको, दिवसा बोला, घरात दोघंच असाल तेव्हा. रडू आलं तर येऊ द्या. सीपीआर शिकायलाही दोघं मिळून जा. तुम्ही नामस्मरण कशासाठी करता, हे त्यांनी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर राहू द्या. त्यांच्या वाट्याची श्रद्धा तुम्ही ठेवायला हवी, असं काही नाही. बोलणं झालं की ते काय म्हणाले, ते मला दोन ओळींत जरूर कळवा.